बाहेरच्या बाजूला पडलेली भिंत

आमची मागची भिंत पडली ती बाहेरच्या बाजूला. आत पडली असती तर चार कुंड्या आणि धुण्याचा दगड गेला असता, आणि एवढं सगळं लिहायची वेळ आली नसती.

कात्रजच्या डोंगराखाली दीड गुंठ्याच्या प्लॉटवर आमचं घर आहे. खाली दोन खोल्या, वर एक, मागे लहानसं अंगण. मी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. तीस वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रांची ड्रॉइंगं काढली, त्यामुळे स्वतःच्या घरातलं सगळं आपल्याला कळतं असा एक ताठा माझ्यात होता. अंगण संपतं तिथे जमीन एकदम चार फूट खाली उतरते. त्या खालच्या जागेत मूळच्या गावकऱ्याने पत्र्याच्या चार खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत. आमच्या भिंतीला अगदी लागून असलेल्या खोलीत वाशिमकडचं एक जोडपं राहायचं. नवरा इमारतींवर सेंट्रिंगचं काम करायचा, म्हणजे स्लॅब ओतण्याआधी फळ्या आणि टेकू लावून खालचा साचा उभा करायचा. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. बायको दोन-तीन घरी स्वयंपाकाला जायची. चार वर्षांत आमची ओळख रस्त्यात दिसल्यावर मान हलवण्याच्या पुढे गेली नव्हती. मध्ये भिंत होती ना.

भिंत सहा फूट उंच, सिमेंटच्या ब्लॉकची. बांधताना गवंड्याने तळाशी पाइपचे तुकडे घालून सहा भोकं ठेवली होती. "डोंगराचं पाणी येतं साहेब, त्याला वाट पाहिजे," असं तो म्हणाला होता. दुसऱ्या वर्षी त्यातल्या एका भोकातून धामण आत आली. धामण विषारी नसते हे मला माहीत होतं, बायकोलाही माहीत होतं. पण ती धुणं धूत होती आणि धामण तिच्या पायाजवळून सरकत गेली. त्यानंतर आठ दिवस ती मागच्या दारात पाऊल टाकेना.

"ती भोकं बंद करा हो," ती म्हणाली.

एका रविवारी मी घमेल्यात सिमेंट कालवलं आणि सहाही भोकं बुजवली. वरून थापी अशी फिरवली की तिथे कधी काही होतं हे कळूही नये. काम चांगलं झालं म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

त्यानंतर दोन पावसाळे काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी परतीच्या पावसात एका संध्याकाळी वादळ झालं. आधी वारा आला. समोरच्या गॅरेजचे पत्रे रस्त्यावर येऊन पडले, आमचा शेवगा मधोमध मोडला. मग पाऊस सुरू झाला, आणि अर्ध्या तासात डोंगरावरून लाल पाणी उतरायला लागलं. घराच्या बाजूच्या बोळातून ते थेट मागच्या अंगणात शिरत होतं आणि तिथेच साठत होतं. वीज गेली होती, पण अजून थोडा उजेड होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. पाणी पहिल्या पायरीवर आलं, मग दुसऱ्या. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, ती म्हणजे आमचा फ्रिज. भिंतीपलीकडे कोणी राहतं हे त्या वेळी माझ्या मनात आलंसुद्धा नाही.

भिंतीने मधोमध पोट काढलं. ते मला दिसलं. पुढच्या क्षणी भिंत नव्हती. अंगणातलं सगळं पाणी भसकन निघून गेलं, पायऱ्या मोकळ्या झाल्या, आणि मला बरं वाटलं. हे आजवर मी फार थोड्या जणांना सांगितलंय. भिंत पडल्यावर मला जे पहिल्यांदा वाटलं ते बरं वाटलं.

मग खालून बाईची किंकाळी ऐकू आली.

मिस्त्री बाहेर ठेवलेल्या हत्यारांवर प्लास्टिक टाकायला आले होते. डावा पाय गुडघ्याखाली ब्लॉकांमध्ये अडकला होता. मी वरून उडी टाकली, शेजारच्या खोल्यांमधले तीन-चार जण धावत आले. आम्ही दिसेल तो ब्लॉक उपसायला लागलो, तेव्हा चिखलात आडवे पडलेले मिस्त्रीच आम्हाला सांगत होते, "थांबा, थांबा. थो वरचा मोठा पयले काढा. नाही त सगळं माह्यावर येईन." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांची बायको त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि पावसात तिचे डोळे मिटतसुद्धा नव्हते. ॲम्ब्युलन्स रस्त्यावरच्या पाण्यातून येईना, तेव्हा एका भाजीवाल्याच्या टेम्पोतून त्यांना दवाखान्यात नेलं.

पायाची दोन्ही हाडं मोडली होती. ऑपरेशन करून आत सळई घातली. दवाखान्याच्या खर्चाचं मी पाहिलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या दिवशी पंचनामा करायला माणूस आला. त्याला त्या दिवशी आणखी बरीच घरं करायची होती. त्याने उभ्या उभ्या लिहिलं, "अतिवृष्टीमुळे व वाढलेल्या पाण्याच्या दाबामुळे भिंत कोसळली." मला विचारलं, "बरोबर ना?" मी हो म्हणालो आणि सही केली. त्या ओळीत खोटं काहीच नव्हतं. बायको शेजारी उभी होती. ती आत निघून गेली. त्या दिवसापासून आम्ही दोघं भोकांबद्दल एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. मी तिला दोष देईन अशी तिला भीती वाटत असावी. ती मला देईल अशी मला वाटत होती.

गवंडी आला. पडलेल्या भिंतीचे खालचे दोन थर अजून उभे होते. तो वाकला, बुजवलेल्या एका पाइपवर बोट टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "सध्या फार कामं आहेत साहेब, दिवाळीनंतर बघू," म्हणून गेला. ते खरंही असेल. वादळानंतर शहरात मोकळा गवंडी मिळत नव्हता. पण दुसरा शोधायला मी गेलो नाही. बायकोला म्हटलं, "आपणच करू." ती "बरं" म्हणाली.

आधी उरलेले दोन थर पाडून सगळा राडारोडा उचलायचा होता. रोज पहाटे कामावर जायच्या आधी तासभर आणि रविवारी दिवसभर आम्ही दोघं घमेली वाहत होतो. त्यांच्या बाजूचे ब्लॉक आधी उचलले. शेवग्याचं खोड मी करवतीने कापलं. अंगणात वीतभर गाळ बसला होता, तो फावड्याने खरवडून काढला. समोरचे निवृत्त गृहस्थ फिरून येताना थांबायचे. एकदा म्हणाले, "मजूर मिळत नाहीत की परवडत नाहीत?" मी म्हटलं, "दोन्ही नाही." "मग व्यायाम वाटतं," म्हणाले आणि गेले.

भिंत नसल्यामुळे दोन्ही घरं उघडी पडली होती. आमच्या स्वयंपाकघरातून त्यांचं दार दिसायचं. मिस्त्री दवाखान्यातून परत आले तेव्हा त्यांच्या बायकोने खाट बाहेर ओढली, कारण पत्र्याखाली दुपारी बसवत नव्हतं. खाटेचं तोंड आमच्याकडे. माझी बायको मोडके ब्लॉक रचून केलेल्या पायऱ्यांवरून रोज डबा घेऊन खाली उतरायची, भांडी घेऊन परत यायची. मी मात्र खाली मान घालून खणत राहायचो. त्यांच्याकडे न बघता काम करायला मला चांगलंच जमत होतं.

आता पुन्हा भिंत घालायची नाही, एवढं मी ठरवलं होतं. लोखंडी अँगलचे खांब, त्यांवर चेनलिंक जाळी. खालून मात्र अंगणातली माती वाहून जाऊ नये म्हणून दोन थर ब्लॉकचे, असं चित्र मी कागदावर व्यवस्थित काढलं होतं. दर आठ फुटांवर दोन फूट खोल खड्डा. मातीखाली मुरूम लागायचा, मग दगड, तो पहारीने ठोकत ठोकत खालपर्यंत जायचं. कागदावर रेघ मारायला सेकंद लागतो. एका खड्ड्याला माझी आख्खी सकाळ जायची. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. खांबांना लाल ऑक्साइड लावायचं काम बायको करत होती.

तिसरा खांब उभा करून मी खड्ड्यात काँक्रीट टाकत होतो, तेव्हा मागून आवाज आला.

"साहेब, थो खांब तुमच्याकडं झुकून रायला."

मी वळून पाहिलं. मिस्त्री कोपरावर उठून बसले होते.

"लेव्हल लावलीय," मी म्हणालो.

"लेव्हल एका बाजूनं लावली तुमी. दुसऱ्या बाजूनं ओयंबा सोडा."

मी ओळंबा सोडला. खांब वरच्या टोकाला बोटभर कलला होता. मी तो सरळ केला, दोन्ही बाजूंना विटा लावून आवळला. "आता?" मी विचारलं. "आता जमलं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते खाटेवरून काम सांगायला लागले. काँक्रीट पातळ झालंय. पाणी मारायला विसरू नका. शेवटच्या खांबाला आडवा टेका द्या, नाही तर जाळी ताणल्यावर तो आत येईल. एवढ्या दिवसांनी कुणाला तरी काम सांगायला मिळाल्यामुळे त्यांचा चेहरा बदलला होता. मला ते सोपं जात नव्हतं.

सगळे खांब झाले. एका रविवारी दुपारी मी ब्लॉक आणून रांगेत ठेवले आणि दोरी बांधायला लागलो.

"हे कायले?" मिस्त्रींनी विचारलं.

"खाली दोन थर. माती अडवायला."

त्यांनी ब्लॉकांच्या रांगेवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "मंग पानी कुठून जाईन?"

माझ्या हातात दोरी होती. मी ती खुंटीला गुंडाळत राहिलो, सोडली, पुन्हा गुंडाळली. माझी बायको डबा घेऊन त्यांच्या दाराशी उभी होती. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत तीच बोलली.

"आधीच्या भिंतीला भोकं होती. मी यांना ती बंद करायला लावली. साप आला होता म्हणून."

"लावली नाही," मी म्हणालो. "मी केली. मला कळायला पाहिजे होतं. गवंड्याने सांगितलं होतं मला."

मिस्त्रींनी मोडलेला पाय दोन्ही हातांनी धरून जरा सरकवला.

"मले ठाऊक होतं," ते म्हणाले. "पयल्या वर्षी पाऊस आला की त्या पायपातून पानी ये इकडे. मंग एका साली आलंच नाही. पायपात हात घालून पाहलं, त गच्च. आमचा धंदाच हाये, समजते. सांगाव वाटलं तुमाले. दोनदा तुमच्या फाटकापर्यंत आलो."

"मग?"

"काय सांगू? लोकायचं घर. साहेबाले सांगनारा मी कोन? म्हटलं, हाये मजबूत, टिकन."

त्यांची बायको दारातच भाजी निवडत बसली होती. तिने ताट बाजूला ठेवलं. ती नवऱ्याकडे बघत होती, आमच्याकडे नाही.

"म्हंजे तुमाले बी ठाऊक, यायले बी ठाऊक," ती म्हणाली. "अन् मी रोज थ्या भिंतीखाली भांडे घासत होती."

ती उठली, माझ्या बायकोच्या हातातला डबा घेतला नाही, आत गेली आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाहेर खाट नव्हती.

पुढचे दहा-बारा दिवस खाट बाहेर आली नाही. डबा घेऊन गेलेली बायको दोनदा तशीच परत आली, मग तिने जाणं थांबवलं. मी ब्लॉक परत नेऊन पुढच्या अंगणात रचून ठेवले. एका रात्री जेवणानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा त्या भोकांबद्दल बोललो. फार नाही. ती म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही मनातल्या मनात मलाच म्हणत असाल." मी म्हटलं, "पंचनाम्यावर सही तू नव्हती केलीस." मग ती रडली आणि मी ओटा पुसत बसलो.

नवं चित्र मी कागदावर काढलंच नाही. जाळी जमिनीपासून वीतभर वर ठेवायची ठरवली. तिच्या आतल्या बाजूने अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातभर खोल चर खणायचा, त्यात खडी भरायची आणि तो दुसऱ्या बाजूच्या बोळातून पुढे रस्त्याच्या गटारापर्यंत न्यायचा. म्हणजे डोंगराचं पाणी त्यांच्या खोल्यांकडे जाणारच नाही. जास्त झालं तर खालून निसटेल, पण साठणार नाही.

"खालून साप येतील," मी बायकोला म्हणालो.

"येऊ देत," ती म्हणाली.

बोळातला चर खणायला सगळ्यात जास्त वेळ गेला. तिथे फूटभर खाली मुरमापेक्षा कठीण असा मांजऱ्या खडक लागला. बायको बादलीने माती उपसून बाहेर टाकत होती. एकमेकांच्या अंगावर चिखल उडत होता आणि पन्नाशी उलटलेली दोन माणसं काय करताहेत हे बघायला शेजारच्या गच्चीवरून लोक डोकावत होते.

चर पुरा झाला त्या दुपारी, अजून खडी भरायची होती, तेव्हा खाली खाट ओढल्याचा आवाज आला. मिस्त्री खोलीच्या पत्र्याला धरून, एका पायावर जोर देत बाहेर आले आणि बसले. इतक्या दिवसांत दाढी वाढली होती. त्यांनी चराकडे पाहिलं.

"उतार किती देला?"

मी सांगितलं.

"मोजून नका सांगू. पानी टाकून पाहा."

मी बादलीभर पाणी ओतलं. ते सरसर पुढे गेलं आणि बोळाच्या तोंडाशी थांबलं. तिथे तळ जरासा उचललेला होता. पाण्याचा आवाज थांबला तिकडे मिस्त्रींनी नुसतं बोट दाखवलं. मी आठ फूट पुन्हा खणलं. पुन्हा पाणी ओतलं. या वेळी ते पुढे रस्त्यापर्यंत गेलं. मी परत येऊन म्हणालो, "झालं."

"झालं कसं?" दारातून आवाज आला. त्यांची बायको बाहेर आली होती. "दोन बादल्यानं काय समजते? तवा किती पानी होतं!"

ती आत गेली, आपली बादली घेऊन आली, आणि चार फूट उंच चढावर मोडक्या ब्लॉकांवर पाय देत सरळ आमच्या अंगणात आली. आमच्या मागच्या दाराशी पाण्याचा मोठा ड्रम भरलेला होता. तिने त्यात बादली बुडवली आणि चरात रिकामी केली. पुन्हा बुडवली. माझी बायको दुसरी बादली घेऊन तिच्या शेजारी उभी राहिली. दोघींनी तो ड्रम पुरा संपवला. मी रस्त्यावर जाऊन पाणी येतंय का पाहत होतो. येत होतं. ते सांगायला मी परत आलो तेव्हा मिस्त्रींची बायको कमरेवर हात ठेवून चराच्या तळाकडे बघत उभी होती. कुठे डबकं राहिलंय का, ते टोकापासून टोकापर्यंत तिने चालत जाऊन पाहिलं. मग म्हणाली, "बरं हाये," आणि आल्या वाटेने खाली उतरली.

जाळी ताणायला आम्हाला दोन दिवस लागले. एका टोकाला ती अडकवायची, दुसऱ्या टोकाला पहार घालून सगळं वजन टाकून ओढायची आणि ओढलेली असतानाच कुणीतरी तार आवळायची. ओढायचं काम माझ्याकडे, तार आवळायचं बायकोकडे. मिस्त्री पलीकडून सांगत होते, "अजून. अजून. आता धरा." त्यांच्या बाजूच्या गाठी त्यांच्या बायकोने पक्कड घेऊन आवळल्या. तिला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याशी ती त्यानंतरही कामापुरतंच बोलायची. डबा तिने पुन्हा कधी घेतला नाही. माझ्या बायकोने एकदा विचारलं, "अजून राग आहे का?" तेव्हा ती म्हणाली, "राग नाही ताई. पन झोपताना कान तिकडंच राहते."

पुढच्या पावसाळ्यात डोंगराचं पाणी तीनदा आलं. चरातून गेलं. एकदा जास्त आलं तेव्हा जाळीखालून थोडं निसटलं आणि त्यांच्या दारासमोरून वाहत गेलं. मी छत्री घेऊन जाळीपाशी उभा होतो. मिस्त्रींची बायको दारात उभी राहून पाणी उतरेपर्यंत माझ्याकडे आणि पाण्याकडे आळीपाळीने बघत होती.

मिस्त्रींचा पाय थोडा आखूड राहिला. उंचावर चढून सेंट्रिंग करणं संपलं. खडकवासल्याच्या बाजूला एका बांधकामावर त्यांना सामानाच्या कोठीवर नजर ठेवायचं काम मिळालं. तिथेच खोली होती, म्हणून दोघं निघून गेली. जायच्या दिवशी टेम्पो भरत असताना ते काठी टेकत जाळीपाशी आले, मधला खांब हाताने हलवून पाहिला आणि म्हणाले, "पुढच्या साली अजून एक हात रंग मारजा." मी मारतो म्हणालो. मला आणखी बरंच बोलायचं होतं, पण ते टेम्पोकडे वळले होते. त्यांची बायको पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती. माझ्या बायकोने हात वर केला. तिनेही केला.

आता त्या खोलीत एक तरुण जोडपं आलंय. मुलगा बाइकवरून घरोघरी जेवण पोचवायचं काम करतो. परवा तो जाळीपाशी उभा राहून म्हणाला, "काका, तुमच्या पुढच्या अंगणात ब्लॉक पडलेत ना, मग इथे भिंत का नाही घालत? आम्हालाही जरा प्रायव्हसी."

मी हातातलं काम ठेवलं आणि त्याला सगळं सांगितलं. सापापासून सुरुवात केली. सहा भोकं, पंचनामा, सही, काही सोडलं नाही. त्याची बायकोही येऊन उभी राहिली होती. सांगून झाल्यावर त्याने खाली, जाळीखालच्या फटीकडे पाहिलं.

"ओके काका," तो म्हणाला. "मग राहू दे."

संध्याकाळी त्यांनी आपल्या बाजूने जाळीला एक जुनी चादर बांधली. वरच्या अर्ध्या भागालाच. खालचा भाग त्यांनी मोकळा ठेवलाय.